कागदावरची शर्यत, खरी धडधड

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सोमवारी संध्याकाळी माझे एक जुने स्नेही दवाखान्यात आले. डोके जड, डोळे तांबारलेले. रक्तदाब पाहिला तो १७० वर १०४! सकाळी विरार लोकलच्या दारात उभे असताना त्यांना डुलकी लागली होती. शेजारच्या प्रवाशाने वेळीच दंडाला धरून आत ओढले म्हणून पुढचा अनर्थ टळला.

"रात्री झोपला नव्हतात का?" मी विचारले.

"अहो डॉक्टर, तुम्हीच विचारता? मेक्सिकोची शर्यत आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू झाली. माझे पाच ड्रायव्हर होते त्यात!"

मी निरुत्तर झालो. कारण ज्या खेळापायी ते जागले, तो खेळ आमच्या मित्रमंडळात सुरू करणारा मीच होतो. त्यांच्या परवानगीने आज हे लिहीत आहे.

खेळ आहे तरी काय?

फॉर्म्युला वन ही मोटारींची जगप्रसिद्ध शर्यतमालिका. २०२५ च्या हंगामात तिच्या २४ शर्यती झाल्या. आपल्या देशातही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथे ही शर्यत झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. फँटसी लीग म्हणजे या शर्यतींवर आधारलेला कागदावरचा खेळ. प्रत्येक गड्याला १०० काल्पनिक रुपये मिळतात. त्यात त्याने पाच ड्रायव्हर आणि दोन संघ 'विकत' घ्यायचे. नावाजलेला ड्रायव्हर महाग, मागे राहणारा स्वस्त. प्रत्यक्ष शर्यतीत पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ असे गुण मिळतात, तेच आपल्या वहीत मांडायचे. वही माझ्याकडे असते.

स्वस्तातला ड्रायव्हर कशाला घ्यायचा, असे नवा गडी हमखास विचारतो. त्याला मी २००५ सालच्या इंडियानापोलिसची हकिकत सांगतो. टायरच्या वादामुळे त्या दिवशी १४ मोटारींनी माघार घेतली. उरलेल्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला!

गाडीतला ग्रुप

वाचकहो, 'डॉक्टरांना हे पोरखेळ कशाला?' असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण विरार लोकलमध्ये आहे.

मी मुंबईच्या एका रुग्णालयात नोकरीला होतो, तेव्हा बारा वर्षे आमचा गाडीतला ग्रुप होता. विरार ते चर्चगेट अंतर साठ किलोमीटर. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. कुणी पत्ते काढी, कुणी भजन म्हणे. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कुणीतरी डोकावत असे. मग एकेक जण निवृत्त होऊ लागला आणि ग्रुप विस्कटला. ज्या माणसाला रोज दहाजण हाक मारत होते, तो घरात एकटा दूरदर्शन संचासमोर बसू लागला. 'भूक नाही, झोप नाही, कशात मन लागत नाही' अशा तक्रारी घेऊन यातलेच काही माझ्याकडे येत. तपासण्या करून हाती काही लागत नसे.

एकटेपणा हा नुसता मनाचा सल नव्हे, तो शरीरालाही पोखरतो. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध व मैत्री घट्ट होती, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले. म्हणून जुना ग्रुप पुन्हा बांधावा या हेतूने मी ही लीग काढली. आम्ही अकराजण. काही निवृत्त, काही अजून रोज गाडी पकडणारे. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. पारनाक्याजवळ एकाच्या घरी जमायचे, वाद घालायचे, हसायचे. दोघांच्या झोपेच्या गोळ्या सुटल्या.

औषधाचे विष केव्हा झाले?

अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही. आमचे दोन ठिकाणी चुकले.

पहिली चूक जागरणाची. अमेरिका खंडातील शर्यती आपल्याकडे अपरात्री येतात. दिवाळीच्या आदल्या रात्री ऑस्टिनची शर्यत साडेबाराला आणि पुढच्याच रविवारी मेक्सिकोची दीडला. ती संपेपर्यंत तीन वाजून जातात आणि पहाटेची गाडी तर कुणासाठी थांबत नाही. प्रौढ माणसाला सात तास झोप हवी. झोपेत रक्तदाब खाली येतो, हृदयाला विसावा मिळतो. तो विसावा बुडाला की दुसऱ्या दिवशी रक्तदाब चढा राहतो, लक्ष विचलित होते.

त्यात उत्तेजनाची भर. शर्यतीत ड्रायव्हरची नाडी मिनिटाला १६०-१७० पर्यंत जाते, उकाड्याच्या ठिकाणी घामावाटे त्याचे दोन-तीन किलो वजन घटते. पण तो रोज व्यायाम करणारा तरुण असतो. आपण खुर्चीत बसून, तिसरा वडापाव हाती घेऊन तीच धडधड ओढवून घेतो! २००६ सालच्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात पाहणी झाली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक होत्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका जास्त. ही पाहणी फुटबॉलची असली, तरी हृदयाला चेंडू आणि मोटार यांतला फरक कळत नाही.

दुसरी चूक पैशाची. 'गंमत म्हणून' प्रत्येकाने शंभर रुपये डब्यात टाकायचे ठरले. शंभराचे पाचशे झाले, पाचशेचे दोन हजार. मग हसणे थांबले. वहीतल्या एका गुणावरून दोन जुने मित्र महिनाभर बोलेनासे झाले. अपरात्री जागण्याचे खरे कारणही तो डबाच होता. जुगाराची अनावर ओढ हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण सांगते. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आमचा डबा ऑनलाइन नव्हता, एवढाच काय तो फरक. वही माझ्या हाती असून मी वेळीच बोललो नाही, हा दोष माझा.

आता आमचे नियम

त्या सोमवारनंतर मी लीग बंद करीन, असे सर्वांना वाटले. घरच्यांचाही तोच आग्रह होता. मला मात्र ते पटत नाही. लीग मोडली तर ती माणसे पुन्हा एकटी खुर्चीत जातील. रोग काढावा, रोगी मारू नये. म्हणून आम्ही नियम बदलले.

१. रात्री अकरानंतर चालणारी शर्यत कुणीही जागून पाहायची नाही. सोमवारी संध्याकाळी एकत्र बसून तिचे चित्रीकरण पाहायचे. तोवर निकाल फोडणाऱ्याचे पाच गुण कापायचे.

२. पैशाचा डबा बंद. शेवटच्या क्रमांकाने सर्वांना चहा पाजायचा, तोही कमी साखरेचा.

३. दर अर्ध्या तासाने उठून पाच मिनिटे फिरायचे. जमल्यावर आधी पारनाक्यावरून वसई किल्ल्यापर्यंत पायी जाऊन यायचे.

४. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी शर्यतीच्या नादात चुकवायची नाही. छातीत दुखले, घाम फुटला, दम लागला तर शर्यत सोडून तडक रुग्णालय गाठायचे.

माझे ते स्नेही आता बरे आहेत. औषध नियमित घेतात, रक्तदाब आटोक्यात आहे. २०२५ चे विजेतेपद लँडो नॉरिसने अवघ्या दोन गुणांनी मिळवले. ती ७ डिसेंबरची अबुधाबीची शेवटची शर्यत आम्ही संध्याकाळी साडेसहाला एकत्र पाहिली. न बोलणारे ते दोघेही शेजारी बसले होते. साडेआठच्या सुमारास सगळे आपापल्या घरी गेले.

आपल्याही घरात असा एखादा गाडीतून उतरलेला माणूस असेल. त्याला खेळ काढून द्या. मोटारींचा असो, बुद्धिबळाचा असो वा भजनाचा. फक्त त्यात पैसा आणू नका, आणि रात्रीची झोप पणाला लावू नका.