शाफ्ट तुटला? धरा ड्रायव्हरला!

मंडळी, उसाचा हंगाम लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात ढोकी, येडशी, तुळजापूर, कुठल्याही रस्त्याने जा, एखादा ट्रक खाली जॅक लावून उभा दिसतोच. मालक येतो आणि पहिला प्रश्न करतो, "गाडीवर कोण होतं?" शाफ्ट का तुटला, हे कुणी विचारत नाही. ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापले की चौकशी संपली!

हा शुद्ध अन्याय आहे. (भाच्याचे गॅरेज आहे, निवृत्तीनंतर माझी दुपार तिथेच जाते. त्यामुळे हे ऐकीव नाही.)

गिअरबॉक्सची ताकद मागच्या हाऊसिंगपर्यंत नेणारा हा पोकळ दांडा एकाएकी क्वचितच तुटतो. आधी क्रॉसमधले ग्रीस संपते, आतल्या सुया झिजतात. क्लच सोडला की खालून 'खट्' वाजते, वेग घेतला की गाडी थरथरते. ड्रायव्हर सांगतो. मालक म्हणतो, "एवढी खेप होऊ दे." त्यात ओझे! २०१८ साली सरकारने तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली, तरी मोळ्या केबिनच्या वर चढतातच. फडातल्या चिखलात चाक रुतलेले, गाडी पहिल्या गिअरला. तेव्हा शाफ्टला किती पीळ बसत असेल?

क्लच झटक्याने सोडणारे ड्रायव्हर असतात, नाही कोण म्हणतो? पण तुटलेला क्रॉस हातात घेऊन बघा ना. तांबूस भुकटी आणि सुयांचे चर दिसले, तर तिथे कित्येक दिवस ग्रीस पोचलेले नाही. एका झटक्याचे ते काम नव्हे.

नवा घालतानाही तीच काटकसर. तुटलेला दांडा वेल्डिंग करून आणायचा, बॅलन्सिंग नाही. स्लिप जॉइंट जोडताना खुणेचे बाण एका रेषेत आणायचे असतात, तेही घाईत राहते. मग सेंटर बेअरिंग जाते, आणि बोल पुन्हा ड्रायव्हरलाच. तुळजापूरच्या घाटात उतरताना शाफ्ट गेला तर इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हा केबिनमध्ये मालक नसतो, हेही लक्षात घ्या.

भाचा हल्ली तुटलेला क्रॉस बिलासोबत मालकाच्या हातावर ठेवतो. परवा एकाने तो न बघताच भंगारात टाकला आणि बिलाची घडी घालत विचारले, "ह्याचे किती हप्ते पाडू त्याच्या पगारातून?"