आचारी, आचार्य आणि एक ठिगळ



गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या छोट्या वाचनालयाची यादी आम्ही संगणकावर चढवली. पहिल्याच रविवारी एका आजोबांनी पुलंचं ‘वाऱ्यावरची वरात’ मागितलं. मी शोधलं, तर उत्तर आलं: नोंद नाही. ग्रंथपाल काकू उठल्या आणि दुसऱ्या कपाटातून पुस्तक काढून त्यांनी आजोबांच्या हातात ठेवलं. “तुझ्या संगणकापेक्षा माझी नजर बरी!” आजोबा हसले, मी ओशाळले.

घरी येऊन पाहिलं, तर घोळ त्या ‘ऱ्या’मध्ये होता. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं अदृश्य चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादी टाइप करणाऱ्या काकांचा कळफलक एका पद्धतीचा, माझा दुसऱ्या.

वाचनालयाचा प्रोग्राम ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचू शकतं आणि दुरुस्ती सुचवू शकतं. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळच! कुठल्या ओळी काढल्या, कुठल्या घातल्या, एवढंच त्यात असतं. मी झटपट ठिगळ शिवलं: शोधताना ते अदृश्य चिन्ह आणि नुक्ता दोन्ही गाळायचे. शोध लागला. खुशीत पाठवून दिलं.

दोन दिवसांनी प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. त्याला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. त्याने एवढंच विचारलं होतं, की हे गाळल्यामुळे एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो का?

आधी मला रागच आला. मराठी माझी, आणि हा मला विचारणार? रात्री जेवताना आईला सांगितलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, “म्हणजे लग्नात आचाऱ्यांना बोलवा म्हटलं, की आचार्य येणार का गं?”

माझा घास हातातच राहिला. माझ्या ठिगळाने स्वयंपाकी आणि गुरुजी एकाच पंगतीत बसवले होते. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्याही एक झाला होता.

मग नीट काम केलं. काहीही न गाळता, अदृश्य चिन्हाच्या जोडणीचं रूपांतर नुक्त्याच्या ऱ मध्ये करायचं, यादीतही आणि शोधातही. सोबत चाचण्या लिहिल्या: ‘वाऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ कसेही टाइप केले तरी सापडले पाहिजेत, आचारी-आचार्य आणि दऱ्या-दर्या यांची गल्लत होता कामा नये. तेही परत आलं! त्याच फाइलमध्ये मी जाता जाता काही ओळी नीटनेटक्या केल्या होत्या. एका ठिगळात एकच काम, बाकीचं वेगळं पाठवा, असा निरोप. पुढे, बदल का हवा हे स्पष्ट लिहा, असाही. चौथ्या खेपेला ठिगळ लागलं.

हा प्रकल्प गिट वापरतो. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये बनवलेलं हे साधन कुणी, केव्हा, कुठली ओळ बदलली याची नोंद ठेवतं. त्या नोंदीत आता माझ्या नावाखाली आईचे आचारी आहेत.

तिथले लोक प्रोग्रामिंगमध्ये माझ्या कितीतरी पुढे आहेत. पण आचारी आणि आचार्य यांतला फरक त्यांना कोण सांगणार? आपणच ना? कोड येत नसेल तरी हरकत नाही. चूक नेमकी कुठे होते आणि बरोबर काय हवं, हे चार चांगल्या उदाहरणांसह कळवलंत तरी अर्धं ठिगळ तुमचंच.

परवाच्या रविवारी ‘वाऱ्यावरची वरात’ पुन्हा शोधलं. दोन्ही तऱ्हांनी नोंद सापडली.

पुस्तक मात्र अजून आजोबांकडेच आहे!