जुनी मर्सिडीज आणि आपले साजूक वैराग्य

मराठी साहित्यवर्तुळात एखाद्याने जुनी आलिशान गाडी घेण्याचा विचार नुसता बोलून दाखवला, तरी त्याच्यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. पहिला हिशेबाचा: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरा नीतीचा: पेशा शिकवण्याचा, राहणे पुण्यात, आणि दारात मर्सिडीज? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. फक्त तो जिथे थांबतो तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. दुसऱ्यात मला दांभिकतेखेरीज काही आढळत नाही, आणि माझे भांडण मुख्यतः त्याच्याशी आहे.

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका स्नेह्यापुढे सध्या हा पेच आहे. गाडी १९९६ सालची ई-२२०, म्हणजे जाणकार जिला डब्ल्यू-१२४ म्हणतात ती. मागितलेली किंमत नव्या छोट्या गाडीहून कमी. स्टाफरूममध्ये या विषयावर म्हणे आठवडाभर चर्चा झाली. तिच्यात चंगळवाद आला, जागतिकीकरण आले, मध्यमवर्गाचे अधःपतन आले. गाडीचे बॉनेट उघडून कुणी पाहिले आहे का, हे मात्र एकानेही विचारले नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसांना वस्तूविषयी काही विचारायचे सुचू नये, ही मला त्या गाडीच्या खरेदीपेक्षा अधिक काळजीची गोष्ट वाटते.

आणि वस्तू तरी कुठली? साता समुद्रांपलीकडून आलेली नव्हे. १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले आणि १९६९ पर्यंत तो करार चालला. आपल्या आधीच्या पिढीतल्या बहुतेकांनी तीन टोकांचा तो तारा प्रथम पाहिला तो मालट्रकच्या नाकावर. पुढे सुमंत मुळगावकरांच्या कारकिर्दीत टेल्कोचा पुण्याजवळचा कारखाना उभा राहिला. १९९४ साली टेल्को आणि जर्मन कंपनी यांनी मिळून मर्सिडीज-बेंझ इंडिया काढली, आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडली जाऊ लागली. (२००९ साली हा कारखाना चाकणला गेला.) भाग जर्मनीतून पेट्यांत भरून येत, जोडणारे हात इथले असत. म्हणजे ज्या गाडीला आपण परकी मिजास म्हणून नाक मुरडतो, ती जोडणारा फिटर कदाचित आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा बाप असेल. आपल्या कथा-कादंबऱ्यांना त्याचा पत्ता नाही. तिथे मोटार येते ती बहुधा मालकाचा माज दाखवण्यापुरती.

हे नेहमीच असे नव्हते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, ते नांगर बनवणाऱ्या एका कारखान्याचे मासिक होते. शं. वा. किर्लोस्करांनी त्यातून मराठीतले एक महत्त्वाचे वाङ्मयीन-सामाजिक मासिक घडवले. लोखंड ओतणे आणि कथा छापणे एकाच अंगणात चालले, आणि त्याने कथा बाटली नाही. यंत्राकडे पाठ फिरवणे म्हणजे सुसंस्कृतपणा, हा शोध आपण नंतर लावला.

समीक्षेतला सोपा मार्ग तर ठरलेलाच आहे: गाडीला ‘चिन्ह’ म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. दाखला रोलाँ बार्तचा. सित्रोएंच्या नव्या डीएस गाडीवरचा त्याचा निबंध १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये आहे, त्यात तो मोटारींची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी करतो. निबंध उत्तमच आहे. पण बार्तने पाहिली ती प्रदर्शनातली कोरी गाडी, जिला लोक हात लावून पाहत होते. तीच डीएस तेल आणि वायूच्या दाबावर तोललेली असल्यामुळे इंजिन बंद करून उभी ठेवली की हळूहळू खाली बसते, आणि जुनी झाली की तिच्या नळ्या गळू लागतात. ‘चिन्ह’ गळत नाही, वस्तू गळते. जुनी आलिशान गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न या गळतीचा आहे, आणि म्हणून चिन्हमीमांसेला तो दिसतच नाही.

आता हिशेब. ‘स्वस्तात मर्सिडीज’ ही दलालाची भाषा आहे. गाडीची किंमत वयाबरोबर घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. ते तिच्या मूळ इभ्रतीप्रमाणेच विकले जातात. खरेदी ही केवळ प्रवेश फी. शिवाय सगळ्या जुन्या गाड्या सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत, आणि कोंबडी-मसालावाल्यांना हा भेद माहीत नसतो. १९९८ नंतरची एस-क्लास, म्हणजे डब्ल्यू-२२०, हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोलली जाते. फुगा झिजला की रात्री उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकायला आलेली दिसते. २००२ पासूनच्या ई-क्लासमध्ये (डब्ल्यू-२११) पहिली काही वर्षे ब्रेकचा दाब विजेवर चालणारा पंप पुरवी, आणि ब्रेक किती वेळा दाबला याची ती यंत्रणा मोजदाद ठेवते! ठरलेला आकडा भरला की इशारा लागतो आणि खर्च समोर उभा राहतो. श्वास मोजून आलेली गाडी प्राध्यापकाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्ल्यू-१२४ ची गोष्ट निराळी. तिचा जन्म १९८४ चा. आपल्याकडे ती ‘नवी’ म्हणून आली तेव्हा जर्मनीत तिची जागा पुढच्या मॉडेलने घ्यायला सुरुवात केली होती. इथल्या धनिकांना हे लागले. मागचे मॉडेल आपल्या माथी मारले म्हणून ते रुसले, आणि गाडी अपेक्षेइतकी खपली नाही. ज्यांना ताऱ्याशी कर्तव्य होते ते रुसले, हे ठीकच. पण ज्या गाडीच्या डिझेल आवृत्त्या जर्मनीत वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून राबल्या, तिच्यात कष्ट सोसण्याची ताकद किती हे कुणी पाहिले नाही. तिचे बहुतेक दोष हाताला लागतात. ठळक दोष एकच, १९९२ ते ९५ च्या सुमाराच्या इंजिनांच्या वायरिंगचा: आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन झडते. गाडी पाहताना पहिली तपासणी त्याची, मग गंजाची, आणि रंगाची सगळ्यात शेवटी. २०२५ पासून पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या बदलण्याचा खर्चही आधीच धरून ठेवावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. मोहात पडणाऱ्याने लक्षात ठेवावे की परराज्यातली गाडी इथे नोंदवताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हे तर आहेच. त्यापेक्षा पहिल्यापासून एमएच-१२ किंवा एमएच-१४ असलेली, एका हातात राहिलेली गाडी चार पैसे जास्त देऊन घ्यावी.

एक आक्षेप मात्र मी मानतो. १९९६ सालच्या इंजिनाचा धूर आजच्या मापाने वाईटच. कात्रजहून शिवाजीनगरला रोज एकट्याने जाण्यासाठी ही गाडी वापरणे हा गुन्हा नसला तरी असभ्यपणा आहे. त्यासाठी बस आहे. ही गाडी रविवारची. कुणी विचारील, मग हवी कशाला? पण हा प्रश्न आपण कपाटातल्या, कधीच न उघडल्या जाणाऱ्या ग्रंथावलींना विचारत नाही. त्या घेताना कुणाला साधी राहणी आठवत नाही. फ्लॅट दुसरा, मग तिसरा घेतानाही नाही. वैराग्य फक्त चाके असलेल्या वस्तूसमोरच का जागे होते, याचे उत्तर कुणी द्यावे.

म्हणून स्नेह्याला माझा सल्ला सरळ आहे. दारात तारा दिसावा म्हणून घ्यायची असेल तर घेऊ नये. गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या डागडुजीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर मुळीच घेऊ नये. आणि जमत असेल तर फार रेंगाळू नये. १९९५ साली पंचविशीत या गाड्यांवर हात बसवलेले मेकॅनिक आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. कानाने इंजिन ओळखणारा त्यांतला एखादा अजून गॅरेजात बसत असेल, तर सौद्याआधी त्याला गाठावे, आणि तो बॉनेटखाली वाकला की आपण शेजारी उभे राहून पाहावे.