कोजागिरी ते काकडा

आज कोजागिरी. रात्री गच्च्यांवर, अंगणांत दुधाची पातेली चढतील, केशर-वेलदोड्याच्या वासात गप्पा रंगतील आणि मध्यरात्रीच्या सुमारास कुणीतरी झाकण सारून, दुधात चंद्र उतरला का, ते वाकून पाहील. दूध हलले की तो मोडतो, निवले की पुन्हा जुळतो. ‘कोण जागे आहे?’ असे विचारत लक्ष्मी आज घरोघर फिरते. या जागराला लागूनच गावोगावच्या देवळांत काकडा सुरू होईल आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तांबडे फुटण्याआधीच टाळ वाजू लागतील. रात्र आणि पहाट अशा एकमेकींना खेटून येतात त्या या वळणावर आपल्या दिवसाचा हिशेब मांडावा, असे मनापासून वाटते.

आपली भाषा घड्याळ येण्याआधीपासून दिवस ओळखते. झुंजूमुंजू, रामप्रहर, टळटळीत दुपार, कलती उन्हे, तिन्हीसांजा. यांतला एकही शब्द नुसती वेळ सांगून थांबत नाही, त्या वेळी जिवाला कसे वाटते तेही सांगतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येला स्वतंत्र अध्याय दिला. गवयांनी ललत पहाटेला, सारंग माध्यान्हीला आणि दरबारी रात्रीला वाहिला. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाने मिटणारे एक रोप अंधारात कोंडून ठेवले, तर सूर्य दिसत नसतानाही ते ठरल्या वेळी पाने उघडत-मिटत राहिले. जिवाच्या आतच घड्याळ असते, याची ती पहिली खूण. ते पेशीपेशीत कसे चालते, हे फळमाशीवरच्या संशोधनातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळाले. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत खाली असते, दिवस वर येईल तसे चढते आणि बुद्धीची धारही बहुतेकांच्या बाबतीत त्याच्याबरोबर चढत जाते. दुपारी जेवलो नाही तरी एक ओहोटी येतेच. तेव्हा जड झालेल्या डोळ्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. वामकुक्षीची वीस मिनिटे ही चैन नव्हे.

हे ठाऊक असूनही आपला दिवस कसा जातो? सकाळी दहाला टेबलाशी बसतो तेव्हा डोके लख्ख असते. पण हात आधी मोबाइलकडे जातो. आलेल्या निरोपांना उत्तरे, सह्यांचे कागद, एखादी बैठक, मग चहा. साडेबारा होतात. ज्या प्रस्तावावर खरोखर विचार हवा, ती फाइल तीन वाजता उघडली जाते, नेमकी ओहोटीच्या वेळी, आणि तीच ओळ आपण चारदा वाचतो. सह्या तीन वाजताही झाल्या असत्या. उत्तम प्रहर उत्तम कामाला द्यावा आणि किरकोळ कामे उतरत्या वेळेसाठी राखावीत, एवढी शिस्त आपण स्वतःला लावू शकतो. एका कागदावर आठवडाभर, केव्हा तरतरी वाटली आणि केव्हा मरगळ आली, एवढे टिपले तरी आपला प्रहर आपल्याला सापडतो.

तो प्रत्येकाचा पहाटेचाच असेल असे नाही. पहाटे उठणाऱ्याला सद्गुणी आणि रात्री ज्याचे डोके चालते त्याला बेशिस्त ठरवण्याची आपली सवय मात्र सुटायला हवी. पौगंडावस्थेत झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच होता. पण ज्या वयाला त्याची सर्वाधिक गरज, ती नववी-दहावीची मुले अजूनही कितीतरी ठिकाणी सातच्या ठोक्याला पेंगुळलेल्या डोळ्यांनी बाकावर बसतात.

आणि ज्यांना प्रहर निवडताच येत नाही, त्यांचे काय? घरातल्या बाईचा रामप्रहर डब्यांत आणि पोळ्यांत जातो. तिला अभ्यास करायचा असो वा नोकरीचे काम, तिच्या वाट्याला उरते ती दुपारची मरगळ नाहीतर रात्रीचा थकवा. आठवड्यातून दोन-तीन सकाळी पोळपाट दुसऱ्या कुणी हाती घेतला, तर तिचा प्रहर तिला परत मिळेल.

रानातली गोष्ट याहून कठीण आहे. रब्बीची पेरणी आता सुरू होते आहे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की शेतकरी घोंगडे पांघरून, बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. पायाखाली साप असतो, जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्या असतो, आणि सकाळी तोच माणूस पुन्हा कामाला जुंपला जातो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीच जाहीर झाली. अनेक गावांत तिचा उजेड पोचला, पण जिथे पोचायचा आहे तिथल्या माणसाची झोप आजही त्या वेळापत्रकावर टांगलेली आहे. आज मध्यरात्री आपण आटीव दुधाचा पेला हाती घेऊ, तेव्हा तो बांधावर जागाच असेल. हे काम सरकारने या रब्बीतच तडीला न्यावे.