प्रश्न विचारला, पुढे काय?



आमच्या रुआबांध्याच्या बस्तीत एक काका राहतात. मूळचे गोंदियाकडचे. पोलाद कारखान्यात ठेकेदारांच्या हाताखाली त्यांचा जन्म गेला. परवा संध्याकाळी ते एक झेरॉक्स घेऊन माझ्या दारात उभे. कागद लोकसभेतल्या एका अतारांकित प्रश्नाचा होता. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन वाढविण्याचा सरकारचा विचार आहे काय, असे कोणा खासदाराने विचारलेले आणि खाली मंत्रिमहोदयांचे उत्तर. काकांना हिंदी चांगली येते, पण सरकारी हिंदी त्यांना उमगेना. म्हणाले, "काय जी भाऊ, वाढली काय मग?"

मी कागद दोनदा वाचला. योजनेत मालकाचे ८.३३ टक्के असतात, सरकारचे १.१६ टक्के असतात, निधीचे दरवर्षी मूल्यांकन होते, निधीत तूट आहे, तरीही सरकारने किमान १००० रुपये देऊ केले आहेत. एवढा मजकूर. वाढविणार की नाही, याचे उत्तर कुठेच नाही. काकांना काय सांगू? "काका, प्रश्न विचारला आहे," एवढेच सांगितले. ते म्हणाले, "तो तर मीही रोज विचारतो."

कोणी म्हणेल, हा रेल्वेचा सेक्रेटरी, रेल्वेवाल्याला ईपीएसशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. आमच्या यार्डात आणि शेडमध्ये आज जेवढे ठेक्याचे मजूर राबतात त्यांचे म्हातारपण याच योजनेत जाणार आहे. हिशेब साधा आहे. पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. चौदा वर्षे सेवा झाली आणि सगळी १५,००० च्या मर्यादेने धरली, तर महिना ३,००० रुपये. सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६,५०० ची होती. तीच चौदा वर्षे त्या मर्यादेने मोजली तर १,३०० रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही. गॅसचा सिलिंडर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या की महिना संपला. किमान १००० चा आकडा १ सप्टेंबर २०१४ ला लागू झाला, त्याला अकरा वर्षे उलटली.

आणि हे कोणी सांगितलेच नव्हते असेही नाही. राज्यसभेची एक याचिका समिती आहे. पेन्शनरांचा अर्ज तिच्यापुढे गेला. तिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, म्हणजे तेच जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्या समितीने २०१३ साली किमान पेन्शन ३,००० रुपये करावी, अशी शिफारस केली. तेव्हा ते विरोधी बाकावर होते. पुढच्या वर्षी त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि मिळाले १०००. जे आधी सत्तेत होते त्यांनी योजना चालवताना काय दिवे लावले तेही आपण पाहिले आहे. त्यामुळे हा लेख एका पक्षाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

आता आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, "मागच्या बाकावरचा खासदार काय करणार बिचारा? वर पक्षाचा चाबूक. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याचे मतही त्याचे राहिले नाही. प्रश्न विचारायचा आणि टाळीची वाट पाहायची." मला हे मान्य नाही. हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच चळवळीचा इतिहास विसरला आहे.

नारायण मल्हार जोशी हे नाव आपल्या कार्यालयात तसबिरीत असेल. ती पुसतो किती जण कोण जाणे. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस १९२१ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसला, तोही सरकारने नेमलेला. मागे मतदारसंघ नाही, पक्षाचे बळ नाही, मंत्री होण्याची आशा तर नाहीच. राज्य इंग्रजांचे. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या साथीदारांना हायकोर्टात खेचले होते. संप घडवून आणला म्हणून नुकसानभरपाईचा दावा आणि वर मनाई हुकूम. युनियन चालवणे हाच गुन्हा ठरत होता. जोशींनी १९२१ च्या मार्चमध्ये सभागृहात ठराव मांडला की युनियनची नोंदणी व्हावी आणि तिला संरक्षण मिळावे, असा कायदा करा. ठराव स्वीकारला गेला. मालकांच्या संघटनांनी विरोध केला, सरकारने वेळकाढूपणा केला, पण जोशींनी पाठ सोडली नाही. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. आज आपण ज्या रजिस्ट्रेशन नंबरची पाटी दारावर लावतो तो नंबर त्या एका माणसाच्या ठरावातून आला आहे.

सगळेच त्यांना मिळाले असेही नाही. १९२४ साली त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे बिल आणले. ते फेटाळले गेले. पण बोललेले वाया गेले नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने तसा कायदा केला, १९४१ साली खाणीतल्या बायकांसाठी झाला, आणि साऱ्या देशासाठी १९६१ साली. जोशी १९५५ सालीच वारले होते. एका बिलाला ३७ वर्षे लागली, हे वाईटच. पण ते बिल मांडलेच गेले नसते तर किती लागली असती?

त्यांची खरी ताकद होती ती सभागृहाच्या बाहेर. परळच्या चाळीत, गिरणीच्या फाटकात, मजुराच्या खोलीत ते जात. आकडे गोळा करून मगच बोलत. १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांत ते होते. म्हणजे आत एकटे बोलत असले तरी बाहेर माणसे होती, आणि सरकारला ते ठाऊक होते.

आता त्याच कायद्याचे पुढे काय झाले ते पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या दिवसांत पावसाळी अधिवेशन भरले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरे. २२ सप्टेंबरला लोकसभेत आणि २३ ला राज्यसभेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती. सत्तेच्या बाकावरच्यांनी हात वर केले. त्याच दिवशी अधिवेशन गुंडाळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या आणि १९२६ चा कायदा इतिहासजमा झाला. संरक्षणाची कलमे नव्या औद्योगिक संबंध संहितेत घेतली आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता प्रत्येक कारखान्याला लागू झाली, आणि टाळेबंदी-कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत ३०० च्या आतले कारखाने किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको.

परक्या राज्यात सरकारने नेमलेला एक माणूस उभा राहिला आणि कायदा झाला. आपल्या राज्यात आपण निवडून दिलेले शेकडो असताना तो दोन दिवसांत गेला. याला काय म्हणावे?

रेल्वेचेही तेच. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात असे. त्याची खिल्ली पुष्कळ उडवली गेली, की प्रत्येक खासदार उठतो आणि आपल्या गावाला थांबा मागतो. पण त्या दिवसांत मागच्या बाकावरच्यालाही बोलायला मिळे. छोट्या स्टेशनचे नाव, गेटमनची ड्युटी, पुलाची दुरुस्ती हे सगळे संसदेच्या कागदावर येई. २०१७ पासून तो अर्थसंकल्प मोठ्यात मिसळला. रेल्वेच्या मागण्यांना पूर्वीसारखे हक्काचे दिवस राहिले नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी आमच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर किती प्रवासी गाड्या रद्द झाल्या ते दुर्ग-गोंदिया करणाऱ्यांनी भोगले आहे. लग्नाची मुले स्टेशनावर बसून होती.

तिकिटाच्या सवलतीचेही ऐका. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सवलत होती. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. साथ गेली, सवलत परतली नाही. खासदारांनी किती वेळा विचारले त्याला गणती नाही. रेल्वेच्या स्थायी समितीनेही निदान स्लीपर आणि थर्ड एसीला ती द्यावी असे सुचवले. उत्तर ठरलेले, की प्रत्येक प्रवाशाला भाड्यात सरासरी ४६ टक्के सवलत आधीच मिळते. म्हणजे नागपूरला मुलीकडे जाणाऱ्या म्हातारीला सांगायचे, बाई, तुला सवलत आहेच, फक्त ती तुला दिसत नाही. वाटाण्याच्या अक्षता दुसऱ्या काय असतात?

इथवर सरकारची आणि खासदारांची झाली. आता आपली. मी स्वतःपासून सुरू करतो. मागे आम्ही एका खासदारांकडे निवेदन घेऊन गेलो. नाव आणि पक्ष सांगत नाही. सतरा मागण्या, तीन पाने, हार, नारळ, फोटो. फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला, आम्ही खूश. सहा महिन्यांनी विचारायला गेलो तर त्यांच्या सचिवाने नम्रपणे म्हटले, "त्या निवेदनाची एक प्रत द्याल का?" राग आला. घरी येताना मात्र वाटले, सहा महिने आपणही कुठे गेलो होतो? सतरा मागण्यांपैकी संसदेत विचारता येईल असा प्रश्न एक तरी त्यात होता का? नव्हता. नुसते "न्याय मिळावा, ही नम्र विनंती".

जोशींसारखा खासदार मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण जोशींच्या मागे होती तशी युनियन तरी आज खासदाराला कुठे मिळते?

म्हणून म्हणतो, थोडे नियम शिकून घ्या. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे आणि वर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० असतात, त्यांना फक्त लेखी उत्तर मिळते. आपल्या खासदाराला तारांकित प्रश्न द्यायला सांगा आणि पूरक प्रश्न लिहून द्या. नियम ३७७ खाली विषय मांडला तर मंत्रालयाचे उत्तर पुढे पत्राने येते, ते मागा. मंत्री म्हणाले की माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू, तर ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. त्यासाठी आश्वासन समिती आहे, ती कागद उघडते. आणि याचिका तर साधा नागरिकही करू शकतो, खासदाराची प्रतिसही लागते एवढेच. तीन हजाराची शिफारस याच वाटेने आली होती. ती पाळली गेली नाही, कारण शिफारस आल्यावर आपण मिठाई वाटली आणि घरी गेलो.

आमच्या शाखेने आता एक वही घातली आहे. कोणत्या खासदाराला कोणता प्रश्न दिला, कोणत्या तारखेला, प्रश्न क्रमांक काय पडला, उत्तर काय आले. सही करायला प्रत्येक वेळी दोन वेगळे सभासद जातात, म्हणजे सेक्रेटरीलाही मखलाशी करता येत नाही. मतदानाच्या आधी ती वही बस्तीत वाचून दाखवू, कोणाचीही असो.

पहिल्या पानावर काकांची झेरॉक्स चिकटवली आहे. पुढच्या अधिवेशनासाठी तीन प्रश्न लिहिले आहेत. २०१३ च्या शिफारशीचे नेमके काय केले? सरकारचे १.१६ टक्के आजवर का वाढले नाहीत? आणि महागाईशी पेन्शन जोडायला खर्च किती येतो, आकड्यात सांगा. खासदारांकडे भेटीची वेळ मागितली आहे. हार नेणार नाही. तारीख मिळाली की कळवतो.

आपला,
सेक्रेटरी, रेल्वे शाखा, भिलाई