टर्बो टाकशील भावा, पण पिस्टनला विचारलंस का?

"भावा, टर्बो टाक, गाडी उडेल!" रील्सवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. निमगाव केतकीत तर त्याची भुरळ जरा जास्तच. पालखी मार्ग रुंद झालेला, दारात सेकंडहँड स्विफ्ट आणि मोबाईलवर टर्बो किटची जाहिरात. मग कट्ट्यावर हिशेब सुरू होतो. माझं मत सरळ आहे: हाय कॉम्प्रेशनच्या पेट्रोल इंजिनाला बाहेरून टर्बो बसवणं म्हणजे चांगल्या इंजिनाची माती करणं.

कट्ट्यावरचा हमखास प्रश्न असतो, "डिझेलला टर्बो चालतो, मग पेट्रोलला का नाही?" प्रश्न रास्त आहे. डिझेल इंजिनात पिस्टन फक्त हवा दाबतो, डिझेल अगदी शेवटी फवारलं जातं. त्यामुळे १६:१ किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशन ते आरामात झेलतं. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत मात्र हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं. दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली, की ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते सुरू राहिलं तर रिंगा तुटतात, हेड गॅस्केट उडतं, पिस्टनला भोकही पडतं.

आता आकडे बघा. २०२१ च्या स्विफ्टमधल्या १.२ ड्युअलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२:१ आहे. टर्बोशिवाय चांगलं मायलेज मिळावं म्हणून कंपनीने ते आधीच वर नेलेलं. त्यावर अर्धा बार बूस्ट दिला, तर आत जाणारी हवा जवळपास दीडपट होते. म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी अर्धी घागर ओतायची!

कंपनी काय करते? फ्रॉन्क्समध्ये १.२ चं साधं इंजिन सुमारे ९० पीएस देतं आणि त्याहून लहान १.० टर्बो १०० पीएस. पण त्या टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन १०:१ च्या आसपास ठेवलंय आणि इंजिन पहिल्यापासूनच टर्बोसाठी बनवलंय.

कोणी म्हणेल, आता ई२० आलंय, इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. खरंय. आपल्याच तालुक्यातल्या उसापासून बनणारं इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं. पण त्या मदतीवर दीडपट हवेचा भार पेलत नाही. त्यासाठी कमी कॉम्प्रेशनचे मजबूत पिस्टन, मोठे इंजेक्टर, इंटरकूलर आणि ईसीयूचं नवं मॅपिंग लागतं. किटची किंमत ही फक्त एन्ट्री फी! वर क्लच आणि ब्रेक जुन्याच ताकदीचे. त्याच रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, शाळेची पोरं जातात आणि आषाढात वारीही जाते.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर तो हप्ता घरच्यांच्याच गळ्यात.

म्हणजे हौस करायचीच नाही का? करा की! इंजिनाचं वेड असेल तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये घुसा, वर्कशॉपमध्ये हात काळे करा, स्क्रॅपमधलं इंजिन उघडून पिस्टन हातात घ्या. टर्बोच हवा असेल तर कंपनीनेच टर्बो दिलेली सेकंडहँड गाडी शोधा. आणि तरीही किट मागवायला बोट शिवशिवलं, तर आधी आपल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो शोधून काढा. तो माहीत नसेल, तर किट विकणाऱ्याला तुमच्या इंजिनाची नाही, फक्त तुमच्या खिशाची माहिती आहे असं समजा.