हॅपी एंडिंग झालं, पण बेकीचं काय? ‘अ लिटल प्रिन्सेस’चे सिनेमे मूळ शेवट का बदलतात?

सात वर्षांची सारा क्रू भारतातून लंडनला शिकायला येते. वडील ब्रिटिश फौजेत कॅप्टन, पैसा भरपूर. त्यामुळे मिस मिंचिनच्या शाळेत तिला स्वतंत्र खोली, दिमतीला फ्रेंच बाई, घोडागाडी, सगळं मिळतं. अकराव्या वाढदिवशी बातमी येते की वडील वारले आणि हिऱ्यांच्या खाणीत घातलेला पैसाही बुडाला. त्याच दिवशी मिंचिनबाई तिची रवानगी माळ्यावर करतात. कालची लाडकी विद्यार्थिनी आज शाळेची मोलकरीण होते. शेजारच्या खोलीत बेकी असते. चौदा वर्षांची ही पोर कोळशाच्या बादल्या वाहते आणि शिव्या खाते.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘अ लिटल प्रिन्सेस’ ही कादंबरी १९०५ मध्ये आली. तेव्हापासून तिच्यावर सिनेमे आणि मालिका निघत आहेत. पण मूळ कादंबरी वाचली की एक गोष्ट खटकते, आणि सिनेमावाल्यांनाही नेमकी तीच खटकलेली दिसते.

पुस्तकात शेवटी काय होतं?

साराच्या वडिलांचा मित्र शेजारच्याच घरात राहत असतो. हिऱ्यांच्या खाणी बुडालेल्याच नसतात. साराला तिचा पैसा परत मिळतो, ती त्या घरी राहायला जाते. आणि बेकी? तिला निरोप येतो की उद्यापासून तू साराची खास मोलकरीण. माळ्यावर दोघी एकच कोरडा तुकडा खात होत्या, एकाच थंडीत कुडकुडत होत्या. पण पैसा आल्यावर एक मालकीण झाली आणि दुसरी नोकर. तिला मालकीण चांगली मिळाली, एवढाच काय तो फरक.

गंमत म्हणजे याच पुस्तकात सारा सुरुवातीला बेकीला सांगते की आपण दोघी सारख्याच मुली आहोत, मी तुझ्या जागी जन्मले नाही हा निव्वळ योगायोग. १९०५ मध्ये मुलांच्या पुस्तकात हे लिहिणं धाडसाचं होतं. पण ते शेवटपर्यंत नेणं बर्नेटबाईंना जमलं नाही. त्यांचं उत्तर दानधर्माचं आहे. स्वतः उपाशी असताना साराने सहापैकी पाच पाव एका भिकारी मुलीला दिलेले असतात. श्रीमंत झाल्यावर ती त्याच पाववालीला सांगते, भुकेल्या मुलांना खायला दे, बिल मला पाठव. भुकेलेली मुलं रस्त्यावर का आहेत, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. हिऱ्यांच्या खाणीत खणणारी माणसं तर फक्त साराच्या कल्पनेतल्या गोष्टीत दिसतात!

सिनेमांनी काय केलं?

१९१७ च्या मूकपटात सारा झाली होती मेरी पिकफर्ड, तेव्हा ती स्वतः २५ वर्षांची होती. १९३९ मध्ये शर्ली टेंपलचा रंगीत सिनेमा आला. त्यात वडील मरतच नाहीत. बोअर युद्धात जखमी होऊन, स्मृती गमावून ते इस्पितळात असतात आणि सारा त्यांना शोधून काढते. मध्ये राणी व्हिक्टोरियाही भेटून जाते. गरिबी-श्रीमंतीची गोष्ट हरवलेल्या बापाची गोष्ट होते आणि बेकीचा प्रश्न बाजूला पडतो.

१९८५ मध्ये जपानने ४६ भागांची अ‍ॅनिमे मालिका केली. ती फिलिपिन्समध्ये इतकी गाजली की १९९५ मध्ये तिथे सिनेमाही निघाला. घरकामासाठी लाखो बायका परदेशी जातात अशा देशात माळ्यावरची मोलकरीण लोकांना इतकी जवळची वाटावी, हे समजण्यासारखं आहे.

त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये अल्फोन्सो क्वारोनचा सिनेमा आला. हा तोच दिग्दर्शक, ज्याने पुढे हॅरी पॉटरचा तिसरा भाग केला. त्याने गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये नेली आणि बेकीला कृष्णवर्णीय केलं. आपल्यासाठी विशेष म्हणजे यात सारा मैत्रिणींना रामायणाची गोष्ट सांगते. त्यातला निळा राम झालाय लियाम कनिंगहॅम, म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा डाव्होस!

शेवट मात्र क्वारोनने पूर्ण फिरवला. वडील जिवंत सापडतात आणि बेकी नोकर नव्हे तर साराची बहीण होऊन त्यांच्यासोबत जाते. बघताना डोळे भरून येतात. पण शेवटी मिंचिनबाई धुराडी साफ करणाऱ्या पोराच्या हाताखाली काम करताना दिसतात. म्हणजे काजळीचं काम संपलेलं नाही, ते शिक्षा म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला आलं. जो पोरगा आधीपासून ते करतोय, त्याला कोणी दत्तक घेत नाही. बेकीपुरता प्रश्न सुटतो, माळ्यावरची खोली रिकामी होते, एवढंच.

२३ वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने मोलकरणीचीच गोष्ट सांगितली. ‘रोमा’ (२०१८), दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारा. १९७०-७१ चं मेक्सिको शहर, मध्यमवर्गीय घर आणि तिथे काम करणारी क्लिओ. क्वारोनच्या लहानपणी त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईंवर हे पात्र बेतलेलं आहे. या वेळी त्याने बहीण करण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. पोहता येत नसताना क्लिओ मालकिणीच्या मुलांना समुद्रातून वाचवते. किनाऱ्यावर सगळे तिला मिठी मारतात, आमचं तुझ्यावर खूप प्रेम आहे म्हणतात. ते प्रेम खोटं नाही. मग गाडी घरी पोहोचते, मुलं खायला-प्यायला मागतात आणि क्लिओ धुण्याचे कपडे घेऊन गच्चीचा जिना चढू लागते.